पद घेण्याआधी सही कोणाची चालते ते विचारा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते सगळ्यांना कळेल. एका क्रीडा महासंघात तुम्ही अकरा वर्षं स्पर्धा-संचालन सांभाळताय. मोठ्या पातळीवर कधी खेळलेल्या नाही. आता तुमच्यासाठी ‘महिला विभाग प्रमुख’ असं नवं पद काढलंय आणि पंधरा दिवसांत होकार किंवा नकार कळवायचाय. हे पद म्हणजे पुढची पायरी की बाजूला बसवण्याची सोय, हा तुमचा पहिला प्रश्न. खेळाडू नसलेली बाई या क्षेत्रात खरंच वर पोहोचते का, की फोटोत एक बाई दिसावी एवढ्यापुरतीच तिची गरज असते, हा दुसरा.

मी खेळाच्या प्रशासनात सव्वीस वर्षं आहे. निकालपत्रकं टाइप करण्यापासून सुरुवात केली, पुढे स्पर्धा व्यवस्थापक झाले, मग एका महासंघात संचालक. आता क्रीडा संस्थांना कारभाराची घडी बसवून देते. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे, की पदाच्या नावावरून काहीही ठरत नाही. ते पद चांगलं की वाईट हे कळायला तीन गोष्टी कागदावर मागाव्या लागतात. विभागाचा पैसा कोणाच्या सहीने खर्च होतो? हाताखालची माणसं कोण नेमतं आणि कोण काढतं? आणि वर्षाचं वेळापत्रक ठरताना शेवटचा शब्द कोणाचा? तिन्ही ठिकाणी तुमचं नाव असेल तर बिनदिक्कत घ्या. एक-दोन ठिकाणी असेल तर बोलणी करा. एकाही ठिकाणी नसेल तर नाव कितीही भारदस्त असो, आहे तिथेच थांबा. आज तुमच्या हातात स्पर्धा-संचालन आहे, ते सोडून जाण्यासारखं काही समोर नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मला संचालक केलं तेव्हा केबिन मिळाली, दारावर पाटी लागली, अभिनंदनाचे फोन आले. तिसऱ्या आठवड्यात मुलींचा संघ स्पर्धेला निघायचा होता. पहाटे पाचला मुली किट बॅगा घेऊन फाटकाशी उभ्या आणि बसवाला आगाऊ रक्कम मिळाल्याशिवाय गाडी हलवायला तयार नाही. मी पैसे सोडायला सांगितलं तर लेखा विभागातला मुलगा अवघडून म्हणाला, “मॅडम, तुमच्या सहीवर निघत नाहीत. सरांची लागते.” सर म्हणजे माझे उपसंचालक, कागदोपत्री माझ्या हाताखालचे. आर्थिक अधिकारांचा तक्ता बदललाच नव्हता. जुने संचालक गेल्यावर त्यांचा अधिकार उपसंचालकांकडे सरकला होता आणि मला नेमताना तो परत वर आणायचं कोणाला सुचलं नव्हतं. त्यांना झोपेतून उठवलं, त्यांनी होकार दिला आणि साडेसहाला बस निघाली. त्या दीड तासात एक पंधरा वर्षांची मुलगी पायरीवर बसून मांडीवर बॅग घेऊन झोपली होती. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, पण परिणाम तोच झाला. खुर्ची माझी होती आणि कारभार दुसऱ्याचा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण त्यात मोठा इतिहास आहे आणि तो आपल्यातल्या फारच थोड्या जणींना माहीत असतो. बायका वर पोहोचतात का, याचं सरळ उत्तर हो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची स्थापना १८९४ सालची. तिच्यात पहिल्या दोन स्त्री सदस्य आल्या १९८१ मध्ये, व्हेनेझुएलाच्या फ्लोर इसावा फोन्सेका आणि फिनलंडच्या पिर्यो हॅगमन. म्हणजे ८७ वर्षं तिथे एकही बाई नव्हती. १९९७ मध्ये अनिता डीफ्रांत्झ पहिल्या स्त्री उपाध्यक्ष झाल्या. आणि मार्च २०२५ मध्ये झिंबाब्वेच्या जलतरणपटू कर्स्टी कोव्हेंट्री अध्यक्षपदी निवडून आल्या. सात उमेदवारांत त्या एकट्या बाई होत्या, ९७ पैकी ४९ मतं मिळाली आणि पहिल्याच फेरीत निकाल लागला. भारतीय ऑलिंपिक संघटनेला २०२२ मध्ये पी. टी. उषा या पहिल्या स्त्री अध्यक्ष मिळाल्या, जपानच्या ऑलिंपिक समितीला २०२५ मध्ये सेइको हाशिमोतो.

पण ही चढती रेषा अर्धीच गोष्ट सांगते. मधल्या काळात बायकांच्या हातातला बराच कारभार गेलाही आहे. क्रिकेटचंच पाहा. स्त्रियांचा पहिला विश्वचषक १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, पुरुषांच्या पहिल्या विश्वचषकाच्या दोन वर्षं आधी. त्यामागे इंग्लंडच्या कर्णधार रेचल हेहो फ्लिंट यांची धडपड होती. त्या काळी स्त्रियांच्या क्रिकेटची स्वतःची जागतिक संघटना होती, १९५८ मध्ये स्थापन झालेली. इंग्लंडमधली संघटना तर १९२६ ची. भारतात १९७३ पासून महिला क्रिकेट संघटना काम करत होती. या संघटनांचा बराचसा कारभार बायकांच्याच हातात होता. पैसा नव्हता. वर्गणी काढून, रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून प्रवास करून, शाळांच्या वर्गांत झोपून त्यांनी खेळ जिवंत ठेवला. पुढे इंग्लंडमधली संघटना १९९८ मध्ये पुरुषांच्या मंडळात विलीन झाली, जागतिक संघटना २००५ मध्ये आयसीसीत, भारतातली २००६ मध्ये बीसीसीआयमध्ये. हॉकीत हेच १९८२ मध्ये घडलं होतं, १९२७ पासूनची स्त्रियांची जागतिक संघटना तेव्हा आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघात गेली.

विलीनीकरणाने मुलींचं भलं झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मैदानं मिळाली, मानधन मिळालं, फिजिओ मिळाले, विमानाची तिकिटं मिळाली. पण ज्या बायकांनी तीस-तीस वर्षं संघटना चालवल्या होत्या त्यांच्यापैकी किती जणी नव्या मंडळाच्या टेबलाशी बसल्या? फारच थोड्या. नव्या रचनेत स्त्रियांचं क्रिकेट हा एक विभाग झाला आणि निर्णय वरच्या मजल्यावर गेले.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा अमेरिकेच्या महाविद्यालयीन खेळांत मिळतो. १९७२ मध्ये तिथे ‘टायटल नाइन’ हा कायदा आला आणि शिक्षणसंस्थांना मुलींच्या खेळावर पैसा खर्च करणं भाग पडलं. मुलींची संख्या कित्येक पटींनी वाढली. कायदा आला तेव्हा मुलींच्या महाविद्यालयीन संघांच्या प्रशिक्षकांमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त बायका होत्या. पुढच्या काही दशकांत हा आकडा निम्म्याच्याही खाली आला. प्रशिक्षकाला पगार मिळायला लागला, मान मिळायला लागला, तेव्हा त्या जागेसाठी पुरुष अर्ज करू लागले, आणि नेमणूक करणारे क्रीडा संचालकही बहुतेक पुरुषच होते. मुलींच्या स्पर्धा चालवणारी बायकांची वेगळी संघटना होती. पुरुषांच्या मोठ्या संघटनेने मुलींच्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली आणि वर्षा-दोन वर्षांत बायकांची संघटना बंद पडली. पैसा आला की कारभारी बदलतो, हे मी खेळात वारंवार पाहिलं आहे. म्हणून आज स्त्रियांच्या लीगमध्ये मोठी गुंतवणूक येतेय हे वाचून आनंद होतो, आणि पाठोपाठ मनात येतं, की पुढच्या पाच वर्षांत या लीगच्या मुख्य कार्यकारी पदांवर कोण असेल?

टेनिसने वेगळा रस्ता धरला. १९७३ मध्ये टेनिसपटू बिली जीन किंग यांच्या पुढाकाराने स्त्री खेळाडूंनी लंडनच्या एका हॉटेलात बसून स्वतःची संघटना काढली आणि ती आजही वेगळी आहे. त्याच वर्षी अमेरिकन ओपनने स्त्री-पुरुष दोघांनाही समान बक्षीस दिलं. विम्बल्डनला ते करायला २००७ उजाडलं. पण स्वतःची संघटना होती म्हणून चौतीस वर्षं तोच मुद्दा कोणीतरी दर वर्षी टेबलावर ठेवत राहिलं.

आता सहीच्या मुद्द्यावर परत येते, कारण मोठ्या पातळीवरही गोष्ट तिथेच अडते. २०१४ मध्ये क्लेरमाँ या फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतल्या पुरुषांच्या फुटबॉल क्लबने पोर्तुगालच्या एलेना कोस्टा यांना मुख्य प्रशिक्षक नेमलं. जगभर बातमी झाली. हंगाम सुरू होण्याआधीच त्यांनी पद सोडलं. खेळाडू घेण्याचे आणि सराव सामन्यांचे निर्णय आपल्याला न विचारता होत आहेत, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या जागी आलेल्या कोरिन दियाक्र तिथे तीन हंगाम टिकल्या आणि २०१७ मध्ये थेट फ्रान्सच्या स्त्री राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षक झाल्या. कोस्टा यांना त्या वेळी बरेच लोक हट्टी म्हणाले. माझ्या मते त्यांनी महिन्याभरात जे ओळखलं ते ओळखायला इतरांना वर्षं जातात.

बेसबॉलमधल्या किम इंग यांची गोष्ट तर मी नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते, कारण त्या तुमच्यासारख्याच कार्यालयीन वाटेने वर गेल्या. १९९० मध्ये एका क्लबात इंटर्न म्हणून लागल्या. १९९८ मध्ये यांकीजसारख्या क्लबच्या सहायक महाव्यवस्थापक झाल्या. २००५ मध्ये महाव्यवस्थापक पदासाठी पहिली मुलाखत दिली. मग पुन्हा दिली, पुन्हा दिली. शेवटी नोव्हेंबर २०२० मध्ये मायामी मार्लिन्सने त्यांना ते पद दिलं. पहिल्या मुलाखतीपासून पंधरा वर्षांनी. २०२३ मध्ये त्यांच्या संघाने बाद फेरी गाठली आणि त्याच शरद ऋतूत त्या क्लब सोडून गेल्या, कारण बेसबॉल विभागाचा नवा प्रमुख त्यांच्या वर आणायचं मालकांच्या मनात होतं. काम चांगलं झालं, निकाल समोर आहेत, आणि तरी शेवटचा शब्द दुसऱ्याकडे जाणार. अशा वेळी बाहेर पडणं हासुद्धा नेतृत्वाचाच भाग आहे असं मी मानते.

एक सावधगिरीचा शब्द. बाईला सर्वोच्च पद अनेकदा घर पेटलेलं असताना मिळतं. २०१५ मध्ये भ्रष्टाचाराच्या अटकांनी फिफा ही फुटबॉलची जागतिक संघटना हादरली आणि पुढच्याच वर्षी सेनेगलच्या फातमा समूरा पहिल्या स्त्री सरचिटणीस झाल्या. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या आयोजन समितीचे अध्यक्ष योशिरो मोरी यांना “बायका असल्या की बैठका लांबतात” अशा अर्थाच्या बोलण्यावरून जावं लागलं, तेव्हा स्पर्धा पाच महिन्यांवर होती, महासाथ चालू होती, आणि ती जबाबदारी हाशिमोतो यांच्या अंगावर आली. त्यांनी आल्या आल्या मंडळावर आणखी १२ स्त्रिया घेतल्या. दोघींनीही काम निभावलं. तुम्हाला देऊ केलेलं पद कोणत्या परिस्थितीत निघालं ते मात्र पाहा. एखादी तक्रार झाली आहे का? प्रायोजकाने विचारणा केली आहे का? सरकारी अनुदानाची अट आहे का? अट असेल तर वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या बोलण्याला तेवढंच वजन येतं.

अटींबद्दल लोक मला फार विचारतात. ब्रिटनमध्ये २०१७ पासून सार्वजनिक निधी घेणाऱ्या क्रीडा संस्थांच्या मंडळावर किमान ३० टक्के स्त्रिया लागतात. ऑस्ट्रेलियाने २०२७ च्या मध्यापर्यंत निम्म्या जागांची अट घातली आहे, नाहीतर निधी अडतो. माझं मत असं, की अट हवीच, पण तिच्यासोबत तयारी हवी. जागतिक अॅथलेटिक्स महासंघाने तसं केलं. निवडणुकीआधी कित्येक वर्षं वेगवेगळ्या देशांतल्या स्त्रियांना प्रशिक्षण दिलं, प्रचार कसा करायचा तेही शिकवलं, आणि २०२३ मध्ये २६ जणांच्या कौन्सिलमध्ये १३ स्त्रिया निवडून आल्या.

तुम्ही खेळाडू नव्हतात म्हणून मनात कमीपणा असेल तर तो काढून टाका. समूरा फुटबॉलपटू नव्हत्या. त्यांनी वीसहून अधिक वर्षं संयुक्त राष्ट्रांत काम केलं होतं. खेळाडू असणं एका वाटेवर कामाला येतं, ती वाट म्हणजे खेळाडू आयोग (खेळाडूंच्या प्रतिनिधींचं मंडळ), तिथून कार्यकारिणी, तिथून अध्यक्षपद. कोव्हेंट्री याच वाटेने गेल्या. त्या २०१३ मध्ये खेळाडू आयोगाच्या मार्गाने आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीत आल्या, पुढे आयोगाच्या अध्यक्ष झाल्या आणि मग ब्रिस्बेन ऑलिंपिकच्या तयारीवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाच्या प्रमुख. प्रशिक्षकाच्या वाटेवर बायका अजून फार थोड्या आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळाडूंत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या, प्रशिक्षकांत १३ टक्के. २०२३ च्या स्त्रियांच्या फुटबॉल विश्वचषकात ३२ संघांपैकी १२ संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या.

तुमची वाट तिसरी आहे, कारभाराची. तिथे स्पर्धा-संचालनाइतकं भक्कम शिक्षण दुसरं नाही. जनसंपर्क, मनुष्यबळ, समाजकार्य या विभागांतही गुणी बायका असतात, पण वरच्या पदासाठी नावं निघतात तेव्हा मंडळ विचारतं की हिने पैसा आणलाय का, हिने स्पर्धा उभी केलीय का. तुम्ही उभी केली आहे. म्हणून नव्या पदावर जाताना तो धागा तोडू नका. महिला विभागाच्या स्पर्धांचं संचालन तुमच्याच हाताखाली राहील असं लिहून घ्या.

वेळापत्रकाचा आग्रह मी का धरते ते सांगते. वर्षाच्या नियोजनाच्या बैठकीत आमच्याकडे भिंतीएवढा कागद लावत असू. सभागृहांच्या रंगीत पट्ट्या, वर तारखा. पुरुषांची लीग आधी चिकटवायची, मग कनिष्ठ मुलगे, मग प्रक्षेपणाच्या वेळा, आणि जे मोकळे चौकोन उरतील त्यांत मुलींचे सामने. मंगळवार सकाळी नऊ. गुरुवार दुपारी दोन. मग वर्षाच्या शेवटी अहवालात वाक्य यायचं की महिलांच्या सामन्यांना प्रेक्षक प्रतिसाद देत नाहीत. एका वर्षी मी फक्त क्रम बदलायला सांगितला. मुलींचे उपांत्य आणि अंतिम सामने आधी, शनिवार-रविवार संध्याकाळी, बाकीचं नंतर. दोन तास वाद झाला. त्या वर्षी अंतिम सामन्याला मागच्या स्टँडमध्ये लोक जिन्यावर बसले होते. खेळाडू त्याच होत्या, खेळही तोच होता.

प्रक्षेपण हक्कांचंही असंच. वर्षानुवर्षं स्त्रियांचे सामने पुरुषांच्या कराराला जोडून दिले जात, वेगळी किंमत न लावता. किंमतच लावली नाही तर उत्पन्न शून्य दिसणार, आणि उत्पन्न शून्य म्हणून अंदाजपत्रक तुटपुंजं राहणार. युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने स्त्रियांच्या फुटबॉलचे प्रायोजकत्व हक्क पुरुषांपासून वेगळे काढून २०१८ मध्ये स्वतंत्र करार केला. फिफाने २०२३ च्या विश्वचषकाचे प्रक्षेपण हक्क पहिल्यांदाच स्वतंत्र विकले. तुमच्या संस्थेच्या करारात स्त्रियांच्या सामन्यांचं कलम काय आहे ते वाचून मगच बोलणीला बसा. प्रायोजकाशी बोलायचा अधिकारही मागा, कारण स्वतः आणलेल्या पैशावर आपला शब्द चालतो.

थोडक्यात आणखी दोन गोष्टी. बैठकीत इतिवृत्त लिहायला तुम्हालाच सांगतील. पहिल्याच दिवशी ते काम पाळीने करायचं ठरवून घ्या. लिहिणाऱ्या माणसाला वाद घालता येत नाही, आणि या बैठकांत वाद घालायलाच तुम्ही जाताय. दुसरं, कामाचं उत्तर ज्याला द्यायचं तो माणूस कोण हे पाहा. विभागप्रमुख थेट सरचिटणीसांना किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना उत्तरदायी असावी. मध्ये आणखी एक संचालक असेल तर तुमची प्रत्येक सूचना वर पोहोचेपर्यंत अर्धी होईल.

बसच्या त्या सकाळनंतर मी एक पानाचा ठराव लिहिला. विभागप्रमुखाला ठरावीक मर्यादेपर्यंत एकट्याच्या सहीने खर्चाचा अधिकार, हंगामी कर्मचारी नेमण्याचा अधिकार, आणि स्पर्धा समितीत मतासह जागा, एवढंच त्यात होतं. कार्यकारिणीत तो दोनदा पुढे ढकलला गेला. चौथ्या महिन्यात मंजूर झाला, आणि माझ्या बाजूने पहिला हात वर झाला तो त्याच उपसंचालकांचा. त्यांनाही पहाटेचे फोन नको होते. माझ्यानंतर त्या खुर्चीवर दोघी आल्या, दोघींना ते कलम तयार मिळालं. तुमच्याकडे पंधरा दिवस आहेत. आर्थिक अधिकारांच्या तक्त्याची प्रत उद्याच मागा, आणि तुमच्या पदाची ओळ त्यात छापली गेल्यावरच होकाराच्या पत्रावर सही करा.